व्हिडिओ बघायचे रोज चारशे मिळतात, पण पैसा येतो कुठून?

हिशेबनीस | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात वह्या लिहितो, बावीस वर्षं झाली. हंगामात सौदे सुरू झाले की मान वर करायला सवड नसते, पण गुऱ्हाळं थंडावली की पावसाळाभर माश्या मारणं. वरकड मिळतं ते हंगामापुरतंच. पोरगी यंदा बारावीला. म्हणून हा जोडधंदा धरला.

बुधवारी व्हॉट्सॲपवर मेसेज आला. बाईचा फोटो, 'मी एचआर बोलतेय, घरबसल्या काम आहे, यूट्यूबचा व्हिडिओ बघायचा, लाइक करायचा, स्क्रीनशॉट पाठवायचा, व्हिडिओमागे ५० रुपये.' म्हटलं बघू तरी. तीन व्हिडिओ बघितले. एक हॉटेलचा, एक साड्यांचा, तिसऱ्यात एक म्हातारा केरसुणी कशी बांधतात ते दाखवत होता (हा मी शेवटपर्यंत बघितला, छान होता). टेलिग्रामवर 'रिसेप्शनिस्ट' म्हणून कुणी आहे, तिला स्क्रीनशॉट पाठवले, तिनं कोड विचारला, यूपीआय विचारलं, पाच मिनिटांत १५० रुपये जमा.

गुरुवारी आठ व्हिडिओ, ४०० रुपये. शुक्रवारी 'प्रीपेड टास्क' आला, १,००० भरा, १,३०० घ्या. भरले. वीस मिनिटांत १,३०० आले. म्हणजे एकूण जमा १,८५०, नावे १,०००, शिल्लक ८५०.

आता माझी अडचण. मी जन्मभर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, लिहिल्यात. पट्टीवर गुळाचे रवे (ढेपा) किती, वजन किती, दर काय, हमाली-तोलाई काय, सगळं येतं. हातात पडलेला रुपया कुठून निघाला ते शेंबडं पोरगंही वाचून सांगेल. इथं मला जमा दिसते, पण ती कुणाच्या नावे पडली ते दिसत नाही. मी व्हिडिओ बघितला म्हणून त्यांना ५० रुपयांपेक्षा जास्त काय मिळतं? उद्या ५,००० चा टास्क आहे. भरू का?

---

पेठकरी | रविवार, रात्री ९.५२

भरू नको भावा. इषय संपला.

---

हिशेबनीस | रविवार, रात्री १०.०५

कारण तरी सांगा. तीनदा पैसे आलेत, खात्यात दिसताहेत.

---

पेठकरी | रविवार, रात्री १०.११

आरं, मासा पकडायला आधी गांडूळ लावत्यात. तू गांडूळ मोजत बसलाईस.

---

पुण्यातला कोल्हापूरकर | रविवार, रात्री १०.४८

पेठकरींचं निदान बरोबर आहे, पण हिशेबनीसांनी हिशेब विचारलाय, तर हिशेब देतो. मी जाहिरातींच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो.

यूट्यूबवर पैसा येतो तो जाहिरातदाराकडून. तो हजार वेळा जाहिरात दिसण्याचा दर लावतो, आणि आपल्याकडे हा दर फार तर काही शे रुपये असतो. म्हणजे एका माणसाने एकदा बघितलं तर काही पैसे. रुपये नव्हे, पैसे. त्यातलेही लांब व्हिडिओच्या जाहिरातींचे ५५ टक्के चॅनेलवाल्याला, ४५ टक्के यूट्यूबला. शॉर्ट्सचं गणित उलटं, तिथे चॅनेलवाल्यांच्या वाट्याचे ४५. बघणाऱ्याला यात वाटाच नाही. यूट्यूब बघण्याचे पैसे देत नाही, कधी दिलेले नाहीत. उलट पैसे देऊन व्ह्यू किंवा लाइक गोळा केले तर त्यांच्या नियमात ती फसवणूक धरली जाते आणि असे लाइक ते काढून टाकतात.

तुमच्या भाषेत, ज्या मालाची पट्टी चार आण्यांची होते त्याला कुणी ५० रुपये देतोय, तर तो तो माल घेतच नाहीये. तो दुसरं काहीतरी विकत घेतोय.

---

रुईकर कॉलनी काकू | रविवार, रात्री ११.२०

माझाही अनुभव टाकते, पण माझ्याकडून कुणी पैसे मागितले नाहीत, फक्त दोन महिने घेतले.

एक ॲप होतं, नाव नको. जाहिरातीचे व्हिडिओ बघायचे, प्रत्येकाला नाणी. १०,००० नाण्यांचे १० रुपये आणि ५०० रुपये झाल्याशिवाय काढता येत नाहीत. पहिल्या दिवशी भसाभस नाणी पडली, मी सुनेला म्हटलं महिन्यात सिलिंडर निघेल. मग नाणी कमी पडायला लागली. सुरुवातीला व्हिडिओला २०० पडायची, मग ८०, मग १२. पोळ्या लाटताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, तीस सेकंद झाले की हात पुसून फुली दाबायची. कणकेचं बोट लागून लागून पडद्यावर पापुद्रा आला होता. ४६० पर्यंत पोचले तेव्हा ॲप अपडेट झालं आणि शिल्लक शून्य. 'नव्या धोरणानुसार.' मिस्टर म्हणाले, एवढ्या वेळात शेजारणीच्या पोळ्या लाटून दिल्या असत्यास तरी जास्त मिळाले असते. दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. खरं होतं म्हणूनच.

---

चॅनेलवाला | सोमवार, सकाळी ८.१५

दुसऱ्या बाजूचं सांगतो. माझं खाण्यापिण्याचं छोटं चॅनेल आहे. १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं, ही जाहिरातीची अट पुरी व्हायला मला दोन वर्षं लागली. त्यानंतरही १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. तर हा धंदा किती 'सोपा' आहे ते कळलं असेल.

गेल्या वर्षी एका मिसळीच्या व्हिडिओला रात्री साडेबारा ते दोनच्या दरम्यान तीनशेवर लाइक पडले. त्या व्हिडिओला महिनाभरात मिळून चाळीस नव्हते. मी उठून बायकोला उठवलं. ती म्हणाली, एवढ्या रात्री मिसळ कोण बघतंय? मी आपला खूश. आठ दिवसांत त्यातले बहुतेक लाइक गायब झाले. नंतर एका अनोळखी पोराने कॉमेंटमध्ये विचारलं, 'सर, टास्क डन, पेमेंट कधी?' तेव्हा उलगडा झाला. माझ्या व्हिडिओची लिंक कुणीतरी 'काम' म्हणून वाटली होती. मला विचारलेलं नाही, माझा संबंध नाही, मी एक छदाम दिलेला नाही. हिशेबनीस, तुमच्या त्या केरसुणीवाल्या आजोबांचंही तसंच असणार. त्यांना कुणी सांगितलंही नसेल.

आणि लाइक विकणारे मला रोज मेसेज करतात. घाऊक घेतले तर एक लाइक पैशांत पडतो. मग तुम्हाला एकाचे ५० कोण देईल?

---

हिशेबनीस | सोमवार, सकाळी ९.०२

वाचलं. चॅनेलवाले, तुमचा मुद्दा पटला. पण मग १,३०० दिले कुणी? फुकट तर कुणी देत नाही. दुकान उघडायची वेळ झाली, संध्याकाळी येतो.

---

टायपिंगवाली | सोमवार, दुपारी १.३०

व्हिडिओ बघून पैसे मिळवणारी मी आहे बरं का या धाग्यावर! पाच वर्षं मराठी-हिंदी सबटायटल्सचं काम करते. व्हिडिओ बघायचा, ऐकायचा, बोललेलं टाइप करायचं, वेळ जुळवायची. दर व्हिडिओच्या मिनिटावर ठरतो, तुम्ही किती वेळ बसलात त्यावर नाही. तासाभराच्या व्हिडिओला हात बसलेला असेल तर चार तास जातात. मुलाखतीत दोघंतिघं एकदम बोलत असतील किंवा कुणी गडहिंग्लजकडचं कानडी वळणाचं बोलत असेल तर अख्खा दिवस. एका ठिकाणी 'दावं' शब्द मी सात वेळा मागे नेऊन ऐकला. बोलणारा दाव्याला बांधलेल्या म्हशीबद्दल सांगत होता, कोर्टाच्या दाव्याबद्दल नव्हे. यंत्राने आधी करून दिलेल्या मसुद्यात मात्र म्हैस कोर्टात गेली होती.

आता निम्मं काम यंत्र करतं, म्हणून दरही उतरलेत. पण एक गोष्ट पक्की. या पाच वर्षांत काम देण्यासाठी कुणी माझ्याकडून पैसे घेतलेले नाहीत. नमुना म्हणून पाच मिनिटांचं काम फुकट करून मागितलं, पैसे महिनाभर लांबवले, हे सगळं झालं. भरा म्हणून कुणी म्हणालं नाही.

---

गोकुळ शिरगाव शिफ्ट | सोमवार, रात्री ११.४५

फाउंड्रीत आहे, सेकंड शिफ्ट करून आलो. आमच्या लाइनवर दोघांनी केलं हे. एकाचे ४० गेले, हजार. दुसऱ्याचा आकडा तो सांगत नाही. बायकोला अजून माहीत नाही म्हणे. भरू नका एवढंच.

---

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ६.१०

कसं लिहू कळत नाही. रात्रभर झोप नाही.

भरले मी. सोमवारी संध्याकाळीच. तुमचं सगळं वाचून भरले. मनात असं आलं की ५,००० चे ६,५०० आले की बाहेर पडू, एवढ्यात काय होतंय.

त्यांनी चौघांच्या एका वेगळ्या ग्रुपमध्ये घेतलं. मी, आणखी तिघं, वर एक 'टीचर'. वेबसाइटवर माझ्या नावाचं खातं, त्यात शिल्लक दिसते. टास्क चौघांनी मिळून पुरा करायचा, एकाचा चुकला तर सगळ्यांचे अडकतात. काल रात्री दुसऱ्याच फेरीत एकाने 'चुकून' भलतं बटण दाबलं. टीचर म्हणाला, आता दुरुस्तीसाठी प्रत्येकी १२,०००. बाकीच्या तिघांनी दहा मिनिटांत भरल्याचे स्क्रीनशॉट टाकले. एक जण मला वेगळा मेसेज करतो, 'भाऊ, माझ्या मुलीची फी अडकली आहे, तुमच्यामुळे आमचे पण जातील.' मला माझी पोरगी दिसली. भरले.

मग वेबसाइटवर माझी शिल्लक २४,३०० दाखवायला लागली. काढायला गेलो तर 'क्रेडिट स्कोअर ८०, १०० करायला २८,००० भरा.' तिथं हात थांबला. शिल्लक २४ आणि ती काढायला २८? अशी पट्टी कुणी लिहिली असती तर दुकानात मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं असतं.

भरले १८,०००. आले १,८५०. गेले १६,१५०.

---

बँकेतल्या आक्का (निवृत्त) | बुधवार, सकाळी ६.३४

हे वाचताय तर धागा मिटा आणि आत्ता १९३० वर फोन लावा. लागला नाही तर परत लावा. केंद्रीय गृह खात्याचं सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन आहे, त्यावरही तक्रार करा. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक पासबुकात किंवा ॲपमध्ये मिळेल, तो, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय पत्ता कागदावर काढून समोर ठेवा. मग तुमच्या बँकेत जा आणि लेखी द्या. पैसे एका खात्यात थांबत नाहीत. तिथून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जातात. कुठेतरी गाठले तर गोठवता येतात, एटीएममधून निघाले की संपलं. सोमवारचे आहेत, उशीर झालाय, पण मंगळवार रात्रीचा व्यवहार अजून हाताला लागू शकतो.

टेलिग्रामवरची चॅट पुसू नका. रागाच्या भरात सगळे तेच करतात. आणि ग्रुपमधले ते तिघं त्यांचेच, फी अडकलेली मुलगीही त्यांचीच. आधी फोन करा, बाकी मग बोलू.

---

पेठकरी | बुधवार, सकाळी ७.२०

दादा, फोन लागला का? मी येतो तुमच्यासंगट बँकेत. यार्डात कुठल्या गेटला येऊ सांगा.

---

मदतनीस_२४ | बुधवार, सकाळी १०.०५

माझे पण असेच २ लाख गेले होते. एका सायबर एक्स्पर्ट सरांनी ३ दिवसांत सगळे परत मिळवून दिले. फक्त नोंदणी फी. नंबर [मजकूर काढला आहे – संपादक]

---

संपादक | बुधवार, सकाळी १०.२२

वरचा आयडी आजच सकाळी तयार झाला होता, बंद केला आहे. ज्यांचे पैसे गेलेत त्यांना गाठून 'परत मिळवून देतो' म्हणणारी ही दुसरी टोळी, बरेचदा पहिलीच. फी घेऊन पैसे सोडवून देणारा कुणीही नसतो. प्रतिसाद उदाहरण म्हणून ठेवला आहे.

---

बँकेतल्या आक्का (निवृत्त) | बुधवार, दुपारी ४.१५

हिशेबनीसांचा मूळ प्रश्न राहूनच गेला, 'मग १,३०० दिले कुणी?' तो या सगळ्यात शहाणा प्रश्न होता, म्हणून सावकाश लिहिते.

तुमच्या खात्यात आलेली रक्कम कंपनीच्या खात्यातून आली का? स्टेटमेंट काढून बघा. नाव माणसाचं असेल. दोन शक्यता. एक म्हणजे भाड्याचं खातं, महिना काही हजार देऊन कुणा कॉलेजच्या पोराचं किंवा मजुराचं खातं, कार्ड, सिम वापरायला घेतलेलं. दुसरी वाईट. तुमच्याआधी कुणीतरी 'प्रीपेड टास्क' म्हणून भरलेले पैसे त्याला थेट तुमचा यूपीआय देऊन तुमच्याकडे वळवलेले. त्याने समजायचं कंपनीला भरले, तुम्ही समजायचं कंपनीने दिले. कंपनी मध्ये कुठेच नाही. तुम्ही सोमवारी जे भरलेत त्यातलेही कदाचित दुसऱ्या कुणाला 'पहिली कमाई' म्हणून पोचले असतील.

म्हणजे गेलेल्या पैशांपेक्षा आलेल्या पैशांची काळजी जास्त करा. ज्याचे ते होते त्याने तक्रार केली तर तपासात तुमचं खातं येणार.

---

सौदेबाज | बुधवार, रात्री ९.००

थोडं अवांतर. मागच्याचे पैसे पुढच्याला, हेच भिशीतही असतं की. मग आपली भिशी काय वेगळी?

---

पेठकरी | बुधवार, रात्री ९.१०

भिशीत समोरचा पळाला तर त्याचं घर मला ठावं आस्तंय. आणि त्याच्या आईला.

---

पुण्यातला कोल्हापूरकर | बुधवार, रात्री ९.४०

पेठकरी, हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात घ्यायला हवं (हलकं घ्या). भिशीत जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं, फक्त पाळी बदलते. हजाराचे तेराशे कुणी कबूल करत नाही. वरचे तीनशे कबूल केले की ते नव्या माणसाच्या खिशातूनच काढावे लागतात.

लाइकचा खेळही नवा नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत नोएडातलं 'सोशल ट्रेड' प्रकरण आठवा. ५,७५० ते ५७,५०० रुपये भरून सभासद व्हायचं, मग रोज लिंक दाबायच्या, एका क्लिकला ५ रुपये. उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने (एसटीएफ) धाड टाकली तेव्हा आकडा निघाला सुमारे ३,७०० कोटींचा आणि माणसं काही लाख. तिथे निदान इमारत होती, पाटी होती. आता टेलिग्रामवर फक्त एका बाईचा फोटो पुरतो, तोही कुठून तरी उचललेला.

---

सौदेबाज | बुधवार, रात्री ९.५५

मान्य. पण एक बोलतो, राग मानू नये. सगळं वाचून, सगळ्यांनी सांगून माणूस भरतो, याला काय म्हणायचं? लोभच ना?

---

रुईकर कॉलनी काकू | बुधवार, रात्री १०.३०

लोभ म्हणा हवं तर. मी ४६० रुपयांसाठी दोन महिने फोनला कणीक लावली, मला कुणी लोभी म्हणालं नाही, कारण माझे पैसे गेले नाहीत. बारावीच्या क्लासची फी माहीत आहे का तुम्हाला?

---

हिशेबनीस | पुढचा शुक्रवार, रात्री ८.५०

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. पेठकरी त्या दिवशी खरंच गेटवर उभे होते, नंतर चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

१९३० ला तिसऱ्यांदा फोन लागला. तक्रार क्रमांक मिळाला, सायबर पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. बारा हजारांतले ७,४०० पुढच्या एका खात्यात अडवलेत असा मेसेज आला. पाच हजार गेले ते गेलेच.

आक्का, तुम्ही म्हणालात तेच झालं. काल दुकानात एकाला २०० रुपये द्यायला फोन काढला, व्यवहार फेल. परत केला, फेल. बँकेत गेलो तर खातं गोठवलेलं. दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याची सूचना, वादातली रक्कम १,३००. पगाराचं खातं, त्यात महिन्याचे सगळे पैसे. शेठजींकडून उचल घ्यावी लागली आणि कारणही सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'बावीस वर्षांत आपण कुणाला माल न बघता बोली केलीय का?'

स्टेटमेंट काढलं. ते १,३०० एका बाईच्या खात्यातून आलेत. नाव-आडनाव आपल्या भागातलं नाही. मी ते पैसे आले त्या शुक्रवारी पोरीला गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला घेऊन गेलो होतो. ती बाई त्या वेळी 'परत कधी येणार' म्हणून रिसेप्शनिस्टला मेसेज करत बसली असणार. आता पुढं काय करू?

---

तारा पार्क वकील | पुढचा शुक्रवार, रात्री ९.३५

घाबरू नका, तुम्ही आरोपी नाही. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली खातं थांबवतात, पूर्वी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १०२ होतं. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि त्या ठाण्याचा ईमेल घ्या. तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा की तुम्ही स्वतः पीडित आहात, तुमचा तक्रार क्रमांक हा, चॅट जोडली आहे, वादातले १,३०० रुपये परत करायला तुमची हरकत नाही, बाकीचं खातं मोकळं करावं. फोनवर 'साहेबांना भेटा' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि ते १,३०० त्या बाईंना परस्पर पाठवू नका. मनात येईल, पण नको. सगळं तपास अधिकाऱ्यामार्फत.

तुमचे अडवलेले ७,४०० मिळवायला कोर्टात त्याच नव्या संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येईल. छोट्या रकमेला लोक वकिलाची फी बघून सोडून देतात. माझ्याकडे या, अर्ज मी लिहून देतो. फी म्हणून एक ढेप गूळ, काळा नको.

---

चॅनेलवाला | पुढचा शुक्रवार, रात्री ९.५०

गूळ काळा नको म्हणणाऱ्या वकिलावर माझा विश्वास नाही. पिवळाधमक म्हणजे पावडर मारलेला. हिशेबनीस, सांगा यांना.

---

हिशेबनीस | पुढचा शुक्रवार, रात्री १०.१५

हे मात्र मी सांगू शकतो. चॅनेलवाले बरोबर आहेत. वकीलसाहेब, हंगाम सुरू झाला की कागल भागातल्या एका गुऱ्हाळाचा किलोचा रवा आणून देतो, रंग बघू नका, फोडून वास घ्या.

---

टायपिंगवाली | शनिवार, सकाळी ११.००

हिशेबनीस, एक विचारू? आमच्या सरांकडे जुन्या मराठी मुलाखती उतरवायचं काम आलंय, शेती-बाजाराच्या. अडत, तोलाई, उचल, पट्टी हे शब्द कळणारं माणूस आमच्यात नाही. मी उतरवते, तुम्ही बघून चुका काढायच्या. पैसे फार नाहीत, व्हिडिओच्या मिनिटाला ठरावीक, महिनाअखेर. तुम्ही काही भरायचं नाही.

---

हिशेबनीस | शनिवार, सकाळी ११.४०

लेखी द्याल का? राग मानू नका.

---

टायपिंगवाली | शनिवार, सकाळी ११.४२

देते की. लेटरहेडवर.

---

हिशेबनीस | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ८.२०

अद्यतन. खातं मोकळं झालं, फक्त १,३०० वर बोजा ठेवलाय. अधिकाऱ्याने सांगितलं, कोर्टाचा आदेश आला की ते त्या बाईंकडे जातील. वहीत मी त्यांचे १,३०० 'देणे' म्हणून वेगळ्या पानावर धरलेत, नावाच्या जागी नुसतं 'ताई' लिहिलंय. माझ्या ७,४०० चा अर्ज वकीलसाहेबांनी दाखल केला.

सबटायटलचे पहिले ११० मिनिटांचे व्हिडिओ तपासून दिले. एकात म्हातारे शेतकरी सांगत होते, 'आमची पट्टी यायची', आणि यंत्राने लिहिलं होतं 'आमची बत्ती यायची'. दुरुस्त केलं.

---

नवा सभासद_इचलकरंजी | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १०.०५

पूर्ण धागा वाचला. माझ्या भावाला आज दुपारी असाच मेसेज आलाय, व्हिडिओला ७० रुपये म्हणतात. ५० वाले खोटे असतील पण हे वेगळे वाटतात. लिंक इथं टाकू का?

---

संपादक | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १०.०७

नको.

---

पेठकरी | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १०.०८

भावाचा नंबर दे. मी बोलतो त्याच्यासंगट.